अडकित्ता सुखरूप आहे

मुक्काम देऊळगाव राजा,
कार्तिक वद्य, बहुधा षष्ठी (दिनदर्शिका ज्या खिळ्याला टांगलेली असे तो खिळा अन्यत्र कामी आल्यामुळे तिथी छातीठोकपणे सांगता येत नाही)

स्वस्ति श्री सातपुडापदतलनिवासी, वरवटबकालालंकार, कापूस-तूर-हरभरा-त्रयीप्रतिपालक, सकललग्नमंडपप्रथमपंक्तिविराजमान, रुसण्याचा वंशपरंपरागत अधिकार असूनही तो क्वचितच वापरणारे, पूगीफलभंजनपीठाचे विद्यमान अधिपती, आमच्या एकुलत्या एका कन्येचे श्वशुर, व्याहीकुलचक्रवर्ती श्रीमान रामरावजी यांच्या चरणकमलांशी (त्यांपैकी डाव्या कमळाच्या गुडघ्याला आता उतार असेल अशी आशा आहे) देऊळगाव राजा येथील बीजविक्रेता, बी. ए. संस्कृत, द्वितीय श्रेणी, वधूपिता आणि म्हणून जन्मतःच अपराधी असलेला वामनराव याचा साष्टांग दंडवत. यातील ‘साष्टांग’ हा शब्द अलंकार म्हणून योजलेला नाही. हे पत्र मी खरोखरीच सतरंजीवर पालथा पडून लिहीत आहे, कारण कमरेत उसण भरली आहे. त्या उसणीची उपपत्ती यथावकाश येईलच.

आपली प्रकृती, विहीणबाई सरस्वतीबाईंचा रक्तदाब, जावईबापू सागररावांचे नवे ठिबक सिंचन आणि आपली ती ऐन धारेच्या वेळी लाथ उगारणारी म्हैस, ही सर्व आपापल्या ठिकाणी स्थिर असतील असे मी गृहीत धरतो. इकडे आम्ही कुशल आहोत. (‘कुशल’ म्हणजे मूळ अर्थाने दर्भ उपटताना ज्याचा हात कापत नाही तो. त्या अर्थाने पाहू गेल्यास मी कुशल नाही. उजव्या अंगठ्याला पट्टी आहे, आणि ती दर्भामुळे नाही.) सौ. जयमाला मात्र सर्व अर्थांनी कुशल असून हल्ली माझ्याशी आवश्यक तेवढेच बोलते. आवश्यक ते कोणते, हे ठरवण्याचा अधिकार तिचाच असल्यामुळे ते बोलणे दिवसभर चालते.

पत्राचे निमित्त आपण जाणताच. परवा आपला दूरध्वनी आला. ‘नमस्कार’ या शब्दातील पहिले अक्षर मी उच्चारतो न उच्चारतो तोच आपण विचारलेत, “काय हो इवाई, आमच्या अडकित्त्याचं काय झालं? पोरीची सुपारी पुढल्या रविवारवर आली ना!” मी उत्तरलो की अडकित्ता सुखरूप आहे. ते उत्तर सत्य होते, आजही सत्य आहे, आणि माझ्या अंदाजाप्रमाणे पुढील कित्येक पिढ्या सत्यच राहील. त्यावर आपण, “मग पाठवता कधी?” असे विचारलेत आणि नेमक्या त्याच क्षणी माझा आवाज आपल्याला येईनासा झाला. (दोष मोबाइल कंपनीचा नव्हता. फोन मी सौ. जयमालेच्या पदराआड धरला होता.) अशा नाजूक विषयावर फोनवर बोलणे मला प्रशस्त वाटत नाही. फोनवर माणसाला उत्तर द्यावे लागते. पत्रात समास वापरता येतात.

त्या अडकित्त्याचे माहात्म्य मी आपल्याला सांगणे म्हणजे समुद्राला मीठ विकणे होय, तथापि मला त्याची पूर्ण जाणीव आहे हे आपल्याला कळावे म्हणून सांगतो. आपल्या पणजोबांच्या काळापासून आपल्या घराण्यात मुलाची असो वा मुलीची, एकही सोयरीक या अडकित्त्याने पाच पंचांसमक्ष सुपारी फोडल्यावाचून पक्की झालेली नाही. एकदाच आपल्या चुलतबंधूंनी घाईघाईत पानवाल्याच्या अडकित्त्याने सुपारी फोडली, आणि ती सोयरीक हळदीच्या आत मोडून नवरीकडच्यांनी दिलेला पलंगसुद्धा परत नेला, हे आपण मला पहिल्याच भेटीत सांगितले होते, दुसऱ्याही, आणि त्यानंतर मी मोजणे सोडले. माझ्या योगिनीची सुपारीही याच अडकित्त्याने फुटली. त्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आले होते, याची आपण अजून चारचौघांत प्रेमाने आठवण काढता. (सुपारीची खांड उडून डोळ्यात गेली होती. पण पाणी थोडे आधीच आले होते, हेही आज सांगून टाकतो.) तेव्हा आपली धाकटी लेक म्हणून चि. डिंपलची सुपारीही याच अडकित्त्याने फुटली पाहिजे, दुसऱ्या कोणत्याही नाही, आणि तो आज माझ्याकडे आहे, हा भार या कमरेसह मी वाहत आहे.

तो माझ्याकडे आला तो माझ्याच जिव्हेच्या चापल्यामुळे. बालाजीच्या यात्रेला आपण सपत्नीक आलात, जेवण झाले, आपण कनवटीचा बटवा सोडून अडकित्ता काढलात, आणि पाती लटपटली. आपण सहज, कोणालाही न उद्देशून म्हणालात की खिळा ढिला झालेला दिसतो. आता आपल्यासारख्या वरपित्याला हे कळणे कठीण आहे, की व्याह्याने कोणालाही न उद्देशून उच्चारलेले वाक्य वधूपित्याला नेहमी आज्ञार्थी ऐकू येते. मी तत्क्षणी म्हणालो, “ठेवून जा. स्वहस्ते करून देतो.” स्वयंपाकघरात त्याच वेळी काहीतरी पितळेचे पडले. आपण निघून गेल्यावर जयमाला बाहेर आली आणि म्हणाली, “अहो, उभ्या जन्मात तुमच्यानं भिंतीत खिळा नाही ठोकल्या गेला. आपल्या घरचं कॅलेंडर माझ्या भावानं टांगलं आहे.” मी तिला म्हणालो की गुपचूप एखाद्या लोहाराकडून करवून घेऊ. परंतु तोवर आपण वरवट बकालात पोहोचून पारावर, दूध संकलन केंद्रावर आणि बस थांब्यावर ‘आमचे इवाई स्वतः हातानं करून राह्यले’ असे अभिमानाने सांगितले होते, हे योगिनीकडून समजले. तेव्हा लोहाराचा मार्ग बंद झाला. मग योगिनीचे फोन सुरू झाले. पोरगी दोन वर्षांत पुरती तुमची झाली आहे, काल सासूबाईंविषयी म्हणाली, “बाबा, आत्याबाई रोज विचारून राह्यल्या. तुमचं काय जाते, तुम्ही तिकडं श्लोक म्हणता. मले इथं राहाचं आहे.” या वाक्याला संस्कृतात उत्तर नाही. मी शोधले.

पहिला प्रयोग असा झाला. अडकित्ता पाट्यावर आडवा ठेवला, जयमालेने तो सांडशीने धरला, आणि मी वरवंट्याने खिळ्यावर आघात केला. आघात झाला, मात्र खिळ्यावर नाही. (पट्टीचा उल्लेख वर आलेला आहे.) दुसऱ्या प्रयोगास जयमाला उभी राहिली नाही. यावरून मी असा सिद्धांत काढला की काम करताना वस्तू धरणारा कोणीतरी हवा, आणि तो मनुष्य नसावा, कारण मनुष्य धरता धरता बोलतो. समोरच्या पंक्चरवाल्याने माझा सिद्धांत ऐकून सांगितले की अशा धरणाऱ्याला व्हाइस म्हणतात. आपण वर्कशॉपात पाहिला असेल: ओतीव लोखंडाचे दोन जबडे, मध्ये जाड आट्यांचा स्क्रू, पुढे तो फिरवायचा दांडा. दांडा फिरवला की जबडा मिटतो आणि मध्ये जे असेल ते धरून ठेवतो. प्राचीनांनी त्याला लोहग्राह म्हटले असते. (म्हटलेले नाही. मी आत्ताच म्हटले.) गजेंद्राचा पाय ज्या ग्राहाने धरला होता त्याला सोडवायला साक्षात विष्णूला यावे लागले, ही कथा त्या वेळी मला आठवायला हवी होती. बी. ए.ला होती.

नवा व्हाइस घेणे शक्य होते, पण नव्या वस्तूत पुरुषार्थ तो काय? जुनी, गंजलेली, जगाने टाकलेली वस्तू आणून तिचा जीर्णोद्धार करावा, असे काही व्हिडिओ मी नुकतेच फोनवर पाहिले होते. त्यांत गोरे हात एक शब्दही न बोलता गंजाच्या गोळ्यातून आरसा काढतात. मलाही हात होते. म्हणून जालना रस्त्यावरच्या कडूबाच्या भंगाराच्या दुकानात गेलो. कडूबा हा गृहस्थ मोडक्या कूलरच्या पत्र्यावर बसून अवघ्या तालुक्याचा भूतकाळ किलोने विकत घेतो आणि नगाने विकतो. त्याने नांगराच्या फाळांखालून एक वस्तू ओढून काढली. ती वस्तू आहे की वारुळाचा तुकडा, हे प्रथमदर्शनी कळेना. मी वजन विचारले तेव्हा ते अवजार होते. किंमत विचारली तेव्हा ते इंग्रजांच्या काळचे झाले. “साहेब, हे लोखंड पुराणं आहे. आताचं लोखंड म्हंजे नुसता पापड.” मी दांडा फिरवून पाहिला. दांडा हलला नाही, मी हललो. हे उघडते का, असे मी विचारले, तेव्हा कडूबाने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले ती मी फक्त आमच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांच्या डोळ्यांत पाहिली होती. “उघडाले ती काय पेटी आहे का साहेब? धराची वस्तू आहे, धरून राह्यली. याच्याहून जास्त काय पाह्यजे तुमाले?” या तर्कापुढे उभा न्यायशास्त्र-संप्रदाय निरुत्तर व्हावा, मी तर द्वितीय श्रेणी. जबड्यात एक किल्ली अडकलेली होती, तिच्यासकट त्या वस्तूचे एक लोखंड झाले होते. ही कोणाची, असे विचारता कडूबा उदारपणे म्हणाला, “ते वरतून घ्या. किल्ली फुकट.” कोण्या बापड्याचे कोणते कुलूप या किल्लीची वाट पाहत किती वर्षे लटकले असेल, असा विचार माझ्या मनात आला होता. तो विचार मी तेव्हाच पुरा केला असता तर आज पालथा नसतो. परंतु मी दोन्ही हातांनी ती वस्तू उचलली, कमरेत काहीतरी निसटले, आणि मागून कडूबाचा सल्ला आला, “साहेब, कंबरेतून नका उचलू.”

स्कूटरवर ते ओझे पायांशी घेऊन दारात आलो तर जयमाला उंबऱ्यावर उभी. तिने विचारले, “आज वार कोणता आहे?” शनिवार होता. शनिवारी लोखंड घरात आणू नये, हे मला ठाऊक नव्हते असे नाही; पण ज्ञान आणि स्मरण यांत शास्त्रकारांनी भेद केलेला आहे. मी युक्तिवाद केला की यात लोखंड अल्प आणि गंज बहुल आहे. ती म्हणाली, “मग गंज बाहेर राहू द्या.” शेजारी जनकाबाई राहतात, एकट्या, एका बकरीसह. त्यांचा ओटा ऐसपैस. त्यांना शनीचे भय विचारले तर म्हणाल्या, “माह्या घरात तो कधीचाच येऊन बसला आहे. आणखीन एका लोखंडानं काय होते? ठेवा.” ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो तो लोहग्राहाला बकरी बांधलेली. आजवर त्या बकरीने गल्लीतला एकही खुंटा टिकू दिलेला नाही. माझ्या दुकानासमोरचा फलकसुद्धा तिने एकदा ओढत बसस्टँडपर्यंत नेला होता. ती बकरी आता व्हाइसशेजारी पाय दुमडून, डोळे मिटून, एखाद्या योग्यासारखी बसली होती, आणि मधूनमधून गंज चाटत होती. जनकाबाई म्हणाल्या, “याले आता हलवू नका भाऊ. पहिल्यांदाच जरा टेकली बापडी.” परिणामी रविवार येऊनही व्हाइस माझ्या घरी आला नाही. जीर्णोद्धार जनकाबाईंच्या ओट्यावर, बकरीच्या देखरेखीखाली सुरू झाला.

गंज काढण्याचे शास्त्र आपल्या देशात प्रत्येकाला अवगत आहे, हे मला यापूर्वी माहीत नव्हते. ओट्यासमोरून जाणारा प्रत्येक इसम थांबला. एकाने रॉकेल सांगितले. (रॉकेल हे आता सोमरसाप्रमाणे केवळ ग्रंथांत उरलेले द्रव्य आहे.) दुसऱ्याने डिझेल, तिसऱ्याने बॅटरीचे पाणी, चौथ्याने काहीच लावू नका, गंजानेच लोखंड टिकते, असे सांगितले, हा चौथा इसम बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला आहे. मी सर्वांचा मान राखून सर्व केले. आधी डिझेलमध्ये भिजवला. मग चिंचेच्या कोळात. मग, कोणाच्या सांगण्यावरून ते आता आठवत नाही, आंबट ताकात. जयमालेने ओट्यावर येऊन घमेल्यात डोकावून पाहिले आणि एवढेच म्हणाली, “मी कढी करणार होते.” ताकाच्या वासाने गल्लीतील मांजरे आली, मांजरांमागे कुत्री आली, बकरीचा योग भंगला. अखेरीस भोवती गोवऱ्या रचून त्याला शेकला, सांध्यात तेल सोडले, आणि पंक्चरवाल्यासह दांड्याला लोंबकळलो. तेव्हा आतून असा काही करकराट झाला की समोरच्या घरातून कोणीतरी ‘काय पडलं?’ म्हणून ओरडले, आणि जबडा उघडला. किल्ली खाली पडली. मी काच कागदाने घासले, तारेच्या ब्रशाने घासले, आट्यांत ग्रीस भरले. आत खरोखरीच लोखंड होते. व्हिडिओतल्याप्रमाणे आरसा निघाला नाही, पण ज्यात चेहरा दिसत नाही असा आरसा या वयात काही वाईट नाही.

इथवर सर्व ठीक होते. पुढे मी रंग लावला. पुन्हा गंजू नये म्हणून लोखंडाला आधी अस्तराचा रंग लावतात, आणि तो सर्वत्र शेंदरी-तांबड्या वर्णाचाच मिळतो, यात माझा काय अपराध? दोन हात दिले, वाळण्यासाठी ओट्याच्या कोपऱ्यात निंबाखाली ठेवला आणि दुकानी गेलो. हरभऱ्याच्या बियाण्याचा हंगाम. दुपार तिकडेच गेली. परतलो तो व्हाइसपुढे नारळ फुटलेला, माथ्यावर हळदकुंकू, दांड्याला झेंडूची माळ. जनकाबाईंचा दावा असा, की आज बकरीने त्यापुढे स्वतः होऊन मान खाली घातली. (ती चाटण्यासाठी घातली, हे मी सांगितले. “चाटाले अन् नमस्काराले मान सारखीच वाकते,” असे उत्तर आले.) एका पाहुणीने पुढे येऊन ओळखही पटवली: रुंद जबडा, पुढे दांडा म्हणजे सोंड किंवा गदा, खाली बैठक, कोणता देव ते नक्की नाही, पण आहे. मी गेली पंचवीस वर्षे या गल्लीला दर सणाला निरनिराळी सुभाषिते ऐकवीत आलो आहे, मला कोणी कधी एक वेलदोडा दिला नाही. आणि भंगारातला व्हाइस एका दुपारीत देव झाला. जिला शनिवारी त्याचा विटाळ होता त्या जयमालेनेही पुढच्या आठवड्यात सोमवारी त्याला दुरून हात जोडले. मी पाहिले, तेव्हा ती केस सावरत असल्याचे दाखवू लागली. इतकेच झाले असते तर मी प्रसाद खाऊन गप्प बसलो असतो. पण जनकाबाईंनी नवस बोलला. त्यांची बकरी गाभण आहे, मागच्या खेपेला पिलू हाती लागले नव्हते. या खेपेला बकरी सुखरूप व्याली तर देवाला चोळखण चढवीन, आणि तोवर देवाला हातोड्याचा स्पर्श होऊ देणार नाही. बकरी पौषात व्यायची आहे.

देवाला आमच्या घरात न्यायला मात्र त्यांनी संमती दिली, कारण घर देवाचेच असते. मी तो एका जुन्या पाटावर बोल्टांनी आवळून बसवला. खिळा म्हणून दिनदर्शिकेचा खिळा घेतला, कापून बेताचा केला. जनकाबाई आठवडी बाजाराला गेल्या आहेत अशी संधी साधून अडकित्त्याची खालची मूठ जबड्यात धरली, दांड्यात पाइपाचा तुकडा घालून (पंक्चरवाला म्हणाला, “पाइप घाला, मंग पाहा”) होता नव्हता तेवढा जोर लावून आवळला, आणि खिळ्याच्या दोन्ही टोकांना हातोडीने बोंडे केली. हातोडी अडकित्त्याला लागली, देवाला नाही. नवस अखंड आहे. आणि व्याहीमहाराज, खिळा बसला. पाती आता इतकी सरळ उतरते की सुपारी फुटल्याचे सुपारीला कळत नाही. घरातल्या सर्व सुपाऱ्या मी फोडून पाहिल्या. (त्यांत जयमालेची पूजेतली गणपतीची सुपारी होती, हे मला नंतर कळले.) या जन्मी मी स्वहस्ते केलेले हे पहिले काम आहे, आणि ते उत्तम झाले आहे. आपला अडकित्ता दुरुस्त आहे, सुरक्षित आहे, आणि त्याला ज्याने धरले आहे त्याच्याइतका खंबीर आधार अवघ्या देऊळगावात नाही. रविवारच्या सोहळ्याला तो वेळेवर हजर राहील, हे माझे वचन समजावे. विहीणबाईंना नमस्कार, चि. डिंपलला आशीर्वाद, म्हशीच्या पायांपासून आम्ही दूरच बरे. लोभाचा जबडा असाच घट्ट असावा.

आपला आज्ञाधारक, पालथा,
वामनराव

ता. क. वर ‘ज्याने धरले आहे’ असे जे म्हटले, तो वर्तमानकाळ विचारपूर्वक योजलेला आहे. व्हाइस उघडत नाही. काम झाल्यावर दांडा उलटा फिरवला. तो फिरला, आणि फिरतच राहिला. आता तो दोन्ही दिशांना सारख्याच निर्विकारपणे फिरतो, आतील आट्यांशी त्याचा काही संबंध उरलेला नाही, आणि जबडा अढळ आहे. कडूबाला बोलावून दाखवले. तो म्हणाला, “मी पह्यलेच सांगतलं होतं साहेब. धराची वस्तू आहे.” बाजूने हातोड्याचे चार घाव घातल्यास जबडा सुटेल असे त्याचे मत आहे. हातोड्याचे नाव काढताच जनकाबाई ओट्यावरून उठून आमच्या दारात येऊन बसल्या, बकरीसह. त्यांना मी डिंपलची सुपारी, आपले पणजोबा, तो परत गेलेला पलंग, सर्व सांगितले. त्या म्हणाल्या, “लगीन पौषानंतर करा की. माही बकरी काय थांबते का?” जयमाला त्यांच्या बाजूने आहे. किल्लीचा तो अज्ञात मालक आता मला सख्ख्या भावासारखा वाटू लागला आहे.

ता. क. च्या खाली. तथापि निराशेचे कारण नाही. खालची मूठ तेवढी जबड्यात असून वरची मूठ व पाते पूर्णतः मोकळे आहे. वरून हात दाबताच सुपारी फुटते, खाली धरायची गरजच उरत नाही. आपल्या गुडघ्याच्या दृष्टीने हे सोयीचेच. म्हणून रविवारी सकाळी अडकित्ता घेऊन मी स्वतः येत आहे, आणि त्याला ज्याने धरले आहे तोही पाटासकट येत आहे. त्याला मंडपात पंचांच्या मधोमध मांडावे. माळ घातलेली आहेच. मुलाकडचे काही विचारतील, तर आमच्या इवायांच्या गावचा देव आहे, सोयरिकीला साक्षी ठेवायला आणला, असे सांगावे. हे खोटे नाही, गल्लीत विचारावे. देव एकटा पाठवणे जनकाबाईंना मान्य नाही, तेव्हा त्याही येतील. बकरीला या अवस्थेत गाडी सोसेल की नाही यावर घरात एकमत झालेले नाही. एका पेंढीची सोय असू द्यावी.

त्याच्याही खाली. यातले काही योगिनीला ठाऊक नाही. तिला घरात कोणी काही बोलू नये, एवढे कराल. बोलायचेच झाले तर मला बोलावे. मी दंडवताच्या मुद्रेत तयारच आहे.

सर्वांत खाली. मुख्य गोष्ट राहिली. व्हाइसच्या बैठकीला बोल्टासाठी चार भोके आहेत. त्यांपैकी तिनांना चार सुती, म्हणजे अर्धा इंची, बोल्ट बसले. चौथे कोणा महात्म्याने वाढवून पाच सुती केलेले आहे. येथील दुकानदार म्हणतो, चार सुती आहे, सहा सुती आहे, पाच सुती हल्ली कोण नेते? मी म्हणालो, मी नेतो. तो म्हणाला, तुमच्या एका बोल्टासाठी काय जालन्याहून गोणी मागवू? वरवट बकालात किंवा जाताना शेगावला पाच सुती बोल्ट मिळतो का, चौकशी करून ठेवावी, वायसरसुद्धा लागेल. सध्या त्या चौथ्या भोकात जनकाबाई उदबत्ती लावतात. दिसायला ते ठीक आहे, पण उदबत्तीने पाट डुगडुगायचा थांबत नाही.